चिखलावर लिंबू पिळू नये

आम्ही कोल्हापूरची माणसं. समुद्र आमच्या वाट्याला येतो तो वर्षातून एकदा, आणि तोही बहुतेक ताटात. मी ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते. सोळाव्या गटातली मूलद्रव्यं, म्हणजे ऑक्सिजन, गंधक वगैरे, आली की दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहिते, 'हायड्रोजन सल्फाइड: सडक्या अंड्याचा वास.' पोरं नाक धरतात, हसतात, मी पुढच्या मुद्द्यावर जाते. वीस वर्षं असंच चाललंय.

यंदा सप्टेंबरच्या शेवटी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मेसेज आला. तो गोव्यात समुद्राच्या पाण्यावर पीएच.डी. करतोय. 'मॅडम, सध्या तळाचं पाणी वास मारतंय. बघायला या.' आता असं आमंत्रण कुणाला येतं? नवऱ्यानं दोनच अटी घातल्या, जाताना मालवणला मावशीकडं दोन दिवस राहायचं आणि मी माशाच्या ताटावर रसायनशास्त्र काढायचं नाही. पहिली अट पाळली.

दिवस पहिला: फोंडा घाट, मावशीचं खळं

कोजागिरीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. घाटात धुकं होतं, उतरल्यावर ऑक्टोबरचं ऊन. भात पोटरीतून बाहेर आलेलं, काही ठिकाणी पिवळं पडायला लागलेलं. जेवायच्या वेळेला मालवण.

मावशीच्या खळ्यात जुन्या जाळ्यावर खारवलेले बांगडे उन्हात घातले होते आणि मांजरावर लक्ष ठेवायला शेजारचा एक पोरगा बसवला होता. नवऱ्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या श्वास भरून घेतला आणि म्हणाला, "घे, आलं तुझं गंधक."

नाही आलं. सुक्या माशाचा तो वास मुख्यतः नायट्रोजनचा, ट्रायमिथिल अमाइनचा. खाऱ्या पाण्यात जगायचं म्हणून मासा अंगात एक बिनवासाचं संयुग बाळगतो. मासा मेल्यावर जंतू त्याचं हे अमाइन करतात. अमाइन आम्लारीधर्मी असतं, म्हणून लिंबू पिळलं की त्याचं क्षार होतं, क्षार हवेत उडत नाही, आणि वास बसतो. जेवताना मी हे सांगितलं (अट मोडली ती इथं). मावशी म्हणाली, "लिंबू तुमी घाटावरची लावतास. आमी आगळ लावतंव." कोकमाचा आगळ म्हणजेही आम्लच. रसायन तेच, चव मात्र मावशीची बरी, हे मान्य.

नवऱ्यानं यातून एकच गोष्ट लक्षात ठेवली: समुद्राचा वास आला की लिंबू पिळायचं. ती दोन दिवसांनी महागात पडली.

जाणाऱ्यांसाठी एक सांगते. खडकात, खाजणात (खाडीकाठच्या चिखलात) फिरायचं तर ओहोटीची वेळ माहीत हवी, आणि त्यासाठी मोबाईल लागत नाही. मावशीचा हिशोब: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा तास इकडं-तिकडं होतो, पण पाय भिजायचे ते भिजत नाहीत.

दिवस दुसरा: हिरवं शेवाळ आणि कांदा

पौर्णिमा, म्हणजे ओहोटी पहाटे सव्वापाचच्या आसपास. सहाला रॉक गार्डनच्या खडकांवर पोचलो. पाणी मागं सरकून डबकी उरलेली. खडकांवर पातळ, हिरवंगार, लेट्यूसच्या पानासारखं शेवाळ. त्याला उल्वा म्हणतात. वाहून आलेल्या शेवाळाचा एक ढीग वाळूवर पडला होता, त्यावर ऊन येऊ लागलं होतं. मी एक पान दोन बोटांत चुरडलं आणि नवऱ्याच्या नाकाशी धरलं.

"समुद्राचा वास," तो म्हणाला. पुन्हा हुंगलं. "उकडलेल्या मक्याचा?"

बरोबर. दोन्हींत एकच वायू आहे, डायमिथिल सल्फाइड, म्हणजे डीएमएस. किनाऱ्यावर गाडीची काच खाली केल्यावर जो वास येतो आणि आपण 'आला समुद्र' म्हणतो, त्यातला मोठा वाटा याचा.

हा पानात तयार नसतो, आणि मला शिकवायला सगळ्यात आवडेल असा भाग हाच. शेवाळं आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती गंधकाचं एक संयुग पेशीत साठवतात. त्याचं नाव एकदाच लिहिते, डायमिथिलसल्फोनिओप्रोपिओनेट. सगळे त्याला डीएमएसपी म्हणतात. माशाच्या त्या बिनवासाच्या संयुगासारखंच हेही खाऱ्या पाण्यात पेशीचा तोल सांभाळायला. त्याला तोडणारं विकर (एन्झाइम) मात्र वेगळं ठेवलेलं असतं. पान चुरडलं, किडीनं कुरतडलं, उन्हात फुटलं की दोघांची गाठ पडते, आणि डीएमएसपीचे दोन तुकडे होतात: डीएमएस आणि ॲक्रिलिक आम्ल. कांदा अख्खा असतो तोवर डोळ्यांत पाणी येत नाही, चिरल्यावर येतं. तीच तऱ्हा. कांद्यातही गंधकाचं संयुग आणि विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात, सुरी दोघांना भेटवते.

लाल शेवाळातून हा वायू निघतो हे १९३५ साली पॉल हास यांनी दाखवलं, आणि १९४८ साली चॅलेंजर आणि सिम्प्सन यांनी त्याचं मूळ संयुग ओळखलं. तरी पुढची दोन तपं लोक असंच धरून चालले होते, की समुद्रातून हवेत जाणारं गंधक हायड्रोजन सल्फाइडच्या रूपात जात असणार. १९७२ मध्ये जेम्स लव्हलॉक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की उघड्या समुद्रावर डीएमएस सगळीकडं सापडतो. सडकं अंडं नव्हे, उकडलेला मका.

आणि जो डीएमएस तयार होतो त्यातला हवेत जातो किती? ढोबळ हिशोबानं दहातला एक भाग. डीएमएसपी म्हणून असतानाच त्याचा मोठा हिस्सा जंतू दुसऱ्या वाटेनं नेतात, डीएमएस होऊच देत नाहीत, त्यातलं गंधक स्वतःच्या प्रथिनांत घालतात. उरलेल्यातून जो डीएमएस झाला, त्यालाही जंतू खातात. आणि ऊन तोडतं, पण तेही थेट नाही. डीएमएस स्वतः ऊन शोषत नाही. पाण्यात विरघळलेले, कुजलेल्या पाल्याचे तपकिरी पदार्थ ऊन शोषतात, त्यांतून चपळ रेणू तयार होतात, ते जाऊन डीएमएसला गाठतात. त्याचं बरंचसं डायमिथिल सल्फॉक्साइड होतं. निसटलेला दहावा भाग हवेत जातो, तिथं त्याचे सल्फेटचे कण बनतात, आणि त्यांवर ढगांचे थेंब धरतात. १९८७ मध्ये चौघा शास्त्रज्ञांनी यावर एक मोठी कल्पना मांडली: समुद्रातल्या वनस्पती असे ढग करून स्वतःचं हवामान सांभाळत असतील. आता ते इतकं सरळ कुणी मानत नाही, पण वर्गात सांगायला मला ती अजून आवडते. पोरं जागी होतात.

रापण ओढताना पाहिली. दोन्ही टोकांना माणसं, मधे जाळ्याचा अर्धगोल आवळत येणारा. हाती आल्या तारल्या, थोडे पेडवे आणि भरपूर जेलीफिश. एक म्हातारे रापणकार बाजूला बसून होते. मी विचारलं, तळाच्या पाण्याचा वास येतो म्हणतात ते खरं का. त्यांनी आधी मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "ह्या दिवसांत तळचा पाणी थंड नि मेलेला. मासो वर येता, नायतर कडेक येता." एवढं बोलून विडी पेटवली.

थंड आणि मेलेलं. हे दोन शब्द मी वहीत लिहून घेतले.

दुपारी मावशीनं तिसऱ्यांचं सुकं केलं. झाकण काढल्यावर जी वाफ आली तीत पुन्हा तोच सकाळचा वास. शिंपले सूक्ष्म वनस्पती गाळून खातात, त्यांचं डीएमएसपी अंगात साठतं, आणि आच लागली की त्याचा डीएमएस होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "जेव."

रात्री खळ्यात चांदण्यात मसाला दूध. वर चंद्र, खाली मांजर, बांगड्यांच्या जाळ्याकडं टक लावून.

दिवस तिसरा: वेंगुर्ल्याचं खाजण

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात. स्वतः वल्हवतात, स्वतः माहिती सांगतात. प्रतिपदा, भरती दुपारी पाऊणच्या पुढं. भरतीला होडी आत शिरते, आणि चिखल बघायचा तर त्यानंतर थांबायचं. आम्ही दोन्ही केलं.

होडीत आमच्याबरोबरच्या ताईंनी चिपी, तिवर, कांदळ ओळखायला शिकवलं. चिपीची श्वासमुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली. "चिखलात वारो नाय, म्हणून झाड नाक भायर काढता," त्या म्हणाल्या. एवढ्या चांगल्या शब्दांत मी बारावीला कधी सांगितलं नाही.

चारच्या सुमारास पाणी उतरलं. काठावर, जिथं ताईंनी परवानगी दिली तिथं, मी चपला काढून चिखलात पाय घातला. घोट्यापर्यंत गेला. वरचा थर तपकिरी, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, साईसारखा. त्याखाली काळाकुट्ट. एका खेकड्यानं बीळ केलं होतं, आणि त्या बिळाच्या भिंतीभोवती गंजाच्या रंगाचं कडं. बिळातून पाणी आणि हवा आत जाते, जिथवर जाते तिथवरच लोखंड गंजतं. त्याच्या पलीकडं परत काळं. खेकड्यानं हवा किती खोल पोचवली त्याचा नकाशाच.

हा काळा रंग म्हणजे आयर्न सल्फाइड. गोष्ट अशी. चिखलात पाला कुजतो. कुजवणारे जंतू आधी ऑक्सिजन वापरतात. तो वरच्या दोन मिलिमीटरमध्येच संपतो. मग नायट्रेट, मग मँगनीज आणि लोखंडाची ऑक्साइडं, आणि मग सल्फेट. मी याला पंगतीचा हिशोब म्हणते. आधी बासुंदी संपते, मग जिलबी, शेवटी उरतो भात, आणि तो संपता संपत नाही. (खाणं कुजक्या पाल्याचंच असतं, हे सगळे पदार्थ श्वास घेण्यासाठी असतात. पण पंगत लक्षात राहते, श्वसनसाखळी राहत नाही.) एक किलो समुद्राच्या पाण्यात सल्फेट साधारण २.७ ग्रॅम, क्लोराइडनंतरचा सगळ्यात मोठा ऋण आयन. आणि आपल्याकडच्या कोमट समुद्रपाण्यात ऑक्सिजन फार तर ६ मिलिग्रॅम. भाताची डेग केवढी, बघा.

सल्फेट वापरणाऱ्या जंतूंना यातून ताकद फार थोडी मिळते, पण चिखलात खालपर्यंत दुसरं काही उरलेलंच नसतं. सल्फेटमधला ऑक्सिजन काढून घेतला की मागं राहतो हायड्रोजन सल्फाइड. तो लोखंडाशी गाठ पडताच काळा होऊन बसतो. म्हणून इतक्या काळ्या चिखलाला वाटतो तितका वास नसतो. गंधक लोखंडानं पकडून ठेवलेलं असतं.

आता लिंबाची गोष्ट.

पाय बाहेर काढला तर घोट्यापर्यंत काळा मोजा. नळ लांब होता. नवऱ्याच्या डोक्यात पहिल्या दिवशीचा धडा पक्का बसलेला. त्यानं डब्यातलं कापलेलं लिंबू काढलं आणि मदत म्हणून माझ्या पायावर पिळलं.

मी वीस वर्षं ज्या वायूचं नाव फळ्यावर लिहिते तो मला त्या दिवशी नीट भेटला. होडीतल्या ताई लांब सरकल्या. कुत्रं उठून गेलं. नवरा लिंबू हातात धरून उभा.

आयर्न सल्फाइडवर आम्ल पडलं की पकडलेला हायड्रोजन सल्फाइड सुटतो. प्रयोगशाळेत किपच्या उपकरणात आम्ही हेच करतो. माशाचा अमाइन आम्लानं बसतो, चिखलाचा सल्फाइड आम्लानं उठतो. त्यात भर म्हणजे समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि त्या सामूला विरघळलेल्या सल्फाइडपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त आयनच्या रूपात असतं, जे हवेत उडतच नाही. आम्लानं तेही वायू होऊन बाहेर येतं. एका लिंबानं दोन्ही कुलपं उघडली.

पाय धुतल्यावर दिसलं की जोडवी काळी पडली आहेत. आधी पिवळट, तपकिरी, संध्याकाळी मालवणला पोचेपर्यंत काळपट निळी. चांदीचं सल्फाइड. होडीच्या काठावर उडालेला चिखलाचा शिंतोडा मात्र तासाभरात वाळून काळ्याचा राखाडी-तपकिरी झाला होता. तिथं हवेनं आपलं काम उलट्या दिशेनं सुरू केलं होतं.

मावशी जोडव्यांवर राख घासायला निघाली, मी थांबवलं. घासलं की चांदीच जाते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कडक पाणी, खाण्याचा सोडा आणि मीठ घालून जोडवी तळाला टेकतील अशी ठेवली. ॲल्युमिनियम चांदीकडचं गंधक स्वतःकडं घेतं. दोन-तीन मिनिटांत जोडवी पांढरी. आणि पातेल्यातून, अगदी हलकासा, तोच वास.

मावशी वाकून म्हणाली, "ह्यो तर तुझ्या पायाचोच वास!"

पातेल्याचा तळ काळवंडला, त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं. तुम्ही करणार असाल तर पातेलं वाचवा, काचेच्या वाडग्यात ॲल्युमिनियमची फॉइल घालून करा. आणि खाजणात जाताना जोडवी, पैंजण काढून ठेवा. नेलकटरसुद्धा खिशात नको, खारं पाणी लोखंडालाही सोडत नाही.

दिवस चौथा: शिरोड्याची आगरं, मालीमची जेटी

सकाळी मावशीनं दिलेल्या आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन निघालो. शिरोड्याला मिठागरं आहेत, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातली. ऑक्टोबरात ती पावसाच्या पाण्यानं भरलेली, बगळे उभे. मीठ बघायचं तर जानेवारीनंतर या. बांधावर एक आगरकर भेटले, त्यांच्याकडून कळलं की मीठ धरायच्या आधी तळाला एक खरखरीत पापुद्रा येतो, तो वेगळा काढावा लागतो. तो जिप्सम, कॅल्शियम सल्फेट. समुद्राचं पाणी आटून तीन-चार पट दाट झालं की सल्फेटमधला काही भाग असा खाली बसतो, मीठ त्यानंतर, दहापट दाट झाल्यावर.

बांधालगतच्या चरात काळ्या गाळावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी साय दिसली. मी गुडघ्यावर बसले. बेगियाटोआ असावेत. हे सल्फाइड खाणारे जंतू, त्यांच्या पेशींत गंधकाचे कण साठतात म्हणून ते पांढरे दिसतात. १८८७ मध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांनी यांच्यावर काम करून दाखवलं की नुसत्या अजैविक पदार्थाच्या ऑक्सिडीकरणावरही जगता येतं. खालून सल्फाइड, वरून ऑक्सिजन, आणि हे बरोबर सीमेवर. जिथं दोन्ही पोचतं अशी जागा केसाएवढी जाड असते. आगरकरांना विचारून मी त्या चरातला दोन मुठी गाळ लोणच्याच्या बरणीत भरला. त्यांनी काही विचारलं नाही. बायकोचं डोकं फिरलेलं आहे हे नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असावं.

दुपारी पणजीच्या पलीकडं मालीमच्या जेटीवर. विद्यार्थ्यानं मला बोटीवर न्यायचं ठरवलं होतं, पण परवान्यात माझं नाव बसेना, म्हणून मी जेटीवर ट्रॉलरच्या डिझेलचा धूर खात उभी. नवरा तोवर जवळच रव्यातला बांगडा खाऊन आला. चारला होडी लागली. माझा विद्यार्थी, जो बारावीत शेवटच्या बाकावर झोपायचा, गमबूट घालून, उन्हानं काळा होऊन, बाटल्यांचा क्रेट घेऊन उतरला.

कांदोळीच्या समोर, किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, पंचवीस-अठ्ठावीस मीटर खोलीचं एक ठिकाण आहे. दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची. तिथले शास्त्रज्ञ १९९७ पासून या ठिकाणचं पाणी नियमित तपासत आले आहेत. पावसाळ्यात खोल समुद्रातलं थंड, आधीच ऑक्सिजन कमी असलेलं पाणी तळानं किनाऱ्याकडं सरकतं. वर पावसाचं आणि नद्यांचं गोडं पाणी झाकणासारखं पसरतं. वारा मग दोन्ही ढवळू शकत नाही. वर वनस्पती भरपूर वाढतात, मरून खाली पडतात, खाली पंगत बसते. बासुंदी संपते, जिलबी संपते. सप्टेंबर-ऑक्टोबरात भातावर येतात. थंड आणि मेलेलं, मला रापणकार आठवले.

त्यानं दोन बाटल्या उन्हात धरल्या. ऑक्सिजन मोजायला पाणी वर येताच त्यात मँगनीजचं क्षार आणि आम्लारीयुक्त आयोडाइड घालतात. ऑक्सिजन असेल तर गंजासारखा तपकिरी साका बसतो. वरच्या पाण्याच्या बाटलीत तो चहाच्या चोथ्यासारखा तळाला बसला होता. तळाच्या पाण्याची बाटली: पांढरी. दुधासारखी, तपकिरीची रेघसुद्धा नाही. फळ्यावर मी शंभर वेळा 'ऑक्सिजनरहित' लिहिलं असेल, तो रंग आधी पाहिला नव्हता.

मग त्यानं माझ्यासाठी राखून ठेवलेल्या बाटलीचं बूच काढलं. आम्ही दोघं वाकलो. जेमतेम, नुकतंच उकडलेलं अंडं सोलताना येतो तेवढा. मोजमाप तो नंतर निळ्या रंगाच्या पद्धतीनं करणार होता, सल्फाइडपासून मेथिलीन ब्लू होतो ती. पण माझं काम नाकानं झालं होतं. "लिंबू देऊ?" मागून आवाज आला.

एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की या पट्ट्यातली ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत चालली आहे आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायूही मोठ्या प्रमाणावर निघतो. जमिनीवरून वाहत येणारी खतं हे त्यामागचं एक संशयित.

मला मात्र दुसराच प्रश्न होता. खाली एवढं सल्फाइड, आणि कांदोळीच्या वाळूवर पर्यटक काकडी खात बसलेले, त्यांच्या नाकापर्यंत का येत नाही? त्यानं क्रेटमधल्या मधल्या ओळीतल्या बाटल्या दाखवल्या. तळाच्या पांढऱ्यापासून वर येताना फिकट, मग तपकिरी. या मधल्या काही मीटरमध्येच सगळं संपतं. ऑक्सिजननं भरलेल्या, २५ अंशांच्या समुद्रपाण्यात नुसत्या रसायनावर सोडलं तर सल्फाइड साधारण एका दिवसात निम्मं होतं. वाटेत थायोसल्फेट, सल्फाइट असे मुक्काम, शेवटी परत सल्फेट. लोखंड, मँगनीज असेल तर वेग वाढतो. आणि जंतू तर ऑक्सिजनच्या सीमेवर तोंड उघडून बसलेलेच असतात. काही जण ऑक्सिजन नसेल तर नायट्रेटवर भागवतात. पावसाळा सरून वारे आणि प्रवाह फिरले, ताजं पाणी आलं, की उरलंसुरलंही निकालात निघतं.

एक महत्त्वाची सूचना, जेटीवरच ऐकलेली. हा वास थोडा असतो तेव्हाच येतो. वायू फार वाढला की नाक बधिर होतं, वास थांबतो, आणि माणसाला वाटतं वायू गेला. मासे कुजलेल्या बोटीच्या बंद कप्प्यात, सेप्टिक टँकमध्ये, विहिरीत असा वास आला तर आत उतरू नये, कुणी बेशुद्ध पडलेलं दिसलं तरी एकट्यानं तर नाहीच.

दिवस पाचवा: आंबोलीमार्गे घरी, आणि नंतर

परतीचा पाऊस आंबोलीत गाठला. विजा, गारवा, गरम भजी. बरणी माझ्या पायांशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर त्या गाळात उकडलेल्या अंड्याचा बलक, कागदाचे तुकडे आणि फळ्याच्या खडूचा चुरा कालवला. खडू म्हणजे बहुतेकदा जिप्समच, शिरोड्याचा पापुद्रा. वर बरणीतलं खारं पाणी, झाकण सैल, आणि गॅलरीत उत्तरेच्या उजेडात ठेवली. याला विनोग्राडस्कीची नळी म्हणतात, त्याच बेगियाटोआवाल्या गृहस्थांच्या नावानं. दोन आठवड्यांत गाळ तळापासून काळा झाला. पाचव्या आठवड्यात काचेला लागून एक जांभळट डाग आला, रुपयाएवढा: उजेडावर जगणारे आणि सल्फाइड वापरणारे जंतू. नवरा रोज सकाळी चहा घेऊन बरणीशी वाकायचा आणि म्हणायचा, "वास नाही." मी म्हणायचे, "वरचे दोन बोटं पाणी ठेवलंय ना, तेच खातंय."

गेल्या रविवारी भाचा आला होता. सहा वर्षांचा. त्याला बरणी खेळणं वाटली, त्यानं ती दोन्ही हातांनी उचलून कोल्ड कॉफीसारखी हलवली. पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरच्या काकू गॅसगळती झाली का विचारायला वर आल्या. आम्ही सगळ्या खिडक्या उघडून जेवायला बाहेर गेलो.

सोमवारी पाणी दुधाळ होतं, सुटं झालेलं गंधक तरंगत असावं. मंगळवारी जरा निवळलं. बुधवारी सकाळी नवऱ्यानं कप बाजूला ठेवला, झाकण उचलून नाक अगदी आत घातलं आणि म्हणाला, "काही नाही."

जांभळा डाग मात्र मोडला. तो परत येतोय का, ते बघतेय.